अकराचा पुकारा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं घड्याळं एक तास पुढं केली, तेव्हा मी सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात मास्तर होतो. देशभर एकच वेळ असल्यानं आमच्याकडे त्याआधीही सूर्य माथ्यावर येईतो साडेबारा उलटून जायचे. पृथ्वी फिरताना पूर्वेकडचा मुलूख आधी उन्हात जातो, आपला मागून, हे मी मुलांना भोपळा फिरवून शिकवलं होतं. आता माथ्यावर ऊन आलं की दीड वाजून गेलेला असे. हुकमाप्रमाणं मी शाळेचं घड्याळ पुढं केलं. पण मुलं उन्हावरच येत, तेव्हा शाळाही उन्हावरच भरवत राहिलो.

त्या वर्षी शेजारच्या विधवा बाईला मुरबाडच्या कचेरीचा कागद आला. नवऱ्यामागं शेत तिच्या नावावर चढायचं होतं आणि दिराची हरकत होती. अकरा वाजता हजर राहावं, असं मी वाचून दाखवलं.

"गुरजी, म्हंजी दिस कुठं आल्यावर?"

मी जुन्या सवयीनं हात उचलून आभाळातली जागा दाखवली.

रजा टाकून मी सोबत गेलो. सूर्य त्या जागी येण्याआधीच आम्ही पोचलो, म्हणून ती निर्धास्त होती. भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. नावाचा पुकारा तीनदा झाला होता. दीर हजर होता, ही नव्हती. तिचा अर्ज फेटाळला गेला होता.

मी कारकुनाशी वाद घातला. हिच्या घरात घड्याळ नाही, हा जादा तास तिनं कुठून आणावा, म्हटलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि कागद कुणी वाचून दाखवला, एवढंच विचारलं. सरकारचा राग आला, त्याहून माझ्या उचललेल्या हाताचा.

परतताना झाडाखाली भाकरी खायला बसलो. मी तिला पृथ्वीचं फिरणं समजावू लागलो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला ठावं नव्हतं. तुमाला व्हतं ना?"

मी नवा अर्ज लिहिला. भातकापणीनंतर तारीख मिळाली. ती तांबडं फुटायच्या आत निघाली आणि कचेरी उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसली. शेत तिच्या नावावर चढलं. मला मात्र ते गावच्या पाटलाकडून कळलं. पुढं कसलाही कागद आला की ती तो वाचून घ्यायला किन्हवलीच्या भावाकडं जायची, अख्खा दिवस मोडून, आमच्या शाळेवरूनच.