चमचाभर विरजण

कुठल्याही गळक्या वस्तूखाली बोट फिरवायचं, ते नाकाशी न्यायचं आणि म्हणायचं, "हौ, होतंय की!" आमच्या घरमालकीणकाकूंची ही रीत होती. नळ असो, स्टोव्ह असो, निकाल एकच.

मी पुण्याहून हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आले, तेव्हा रोज नव्या कंपन्या निघत होत्या आणि हिमायतनगरात खोली मिळणं महाकठीण झालं होतं. काकूंनी वरची खोली दिली आणि माझं मराठी ऐकून पोट धरून हसल्या. "किती गं पुस्तकातलं बोलालीस!" घ्या! ज्यांच्या मराठीत निम्मं दखनी, त्या मला हसणार.

दाराशी एक मोटरसायकल उभी असायची. मडगार्ड उंच चढवलेलं, टायरांना जाड खाचा. काकूंचा मुलगा तिच्यावर मातीतल्या शर्यती खेळायचा. तुम्हाला वाटेल, शर्यतीतच काही झालं असेल. नाही हो. साधी कावीळ झाली आणि पोरगा गेला. मी राहायला यायच्या थोडंच आधी.

गाडीच्या पुढच्या दोन नळ्यांमधून, म्हणजे फोर्कमधून, तेल गळायचं. आतली रबरी सिलं गेली होती. काकू सकाळी दारात रांगोळी काढायच्या आणि संध्याकाळपर्यंत तिच्यात काळं डबकं.

काका सिकंदराबादला रेल्वेत होते, बोलायला अगदी मोजके. एकदा जेवताना म्हणाले, "ते डबकं मला बघवत नाही. गळणं थांबलं नाही तर दिवाळीआधी गाडी भंगारात देऊन टाकू." काकूंचा घास हातातच राहिला.

मी म्हटलं, "काकू, मेकॅनिककडे द्या ना."

"नक्को. तो आतलं तेल गटारात ओततोय. ते माझ्या लेकानं भरलंय गं. त्याच्या हातचं आहे."

म्हटलं, चला, मग आपणच खोलू!

एका रविवारी अंगणात विटा रचून आम्ही पुढचं चाक काढलं, नळ्या खोलल्या. काकूंनी आयुष्यात पाना हातात धरलेला नव्हता. नवं सील बघून म्हणाल्या, "अगं, ही तर कुकरची रिंग!" त्याची कड फाटू नये म्हणून त्यांनी नळीच्या टोकावर दुधाची रिकामी पिशवी चढवली आणि वरून सील सरकवलं. दुकानदारानं बजावलं होतं, "अम्मा, ये बाजू नीचे, भूलना नक्को." ते घोकत त्यांनी जुनं सील वर ठेवून बत्त्यानं अलगद ठोकलं. छान बसलं.

आणि मग पातेल्यात काढलेलं ते काळं तेल फडक्यातून गाळून सगळंच्या सगळं परत आत ओतलं.

"अहो काकू, नवं घाला!"

"हौ, होतंय की."

कसलं होतंय! त्या तेलात लोखंडाचा बारीक कीस होता, त्यानं नवी सिलंही खाल्ली. आठवडा सरायच्या आत रांगोळीत पुन्हा डाग. काकू पायरीवर बसल्या. बोट फिरवलं, पण नाकाशी नेलं नाही. "माझ्याच हातानं घालवली गं मी गाडी," म्हणाल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. दिवाळी तोंडावर आली होती. मी शेजारी बसले.

संध्याकाळी त्या दूध विरजत होत्या. चमचाभर जुनं दही दुधात सोडलं आणि हात तसाच थांबला. "काय गं, दही लावायला कालचं सगळं दही लागतंय का?"

पुन्हा सगळं खोललं. नवी सिलं, नवं तेल, आणि त्यात जुन्या, निवळलेल्या तेलाचा एक चमचा. उरलेल्यावर काकूंनी मन घट्ट करून पाणी सोडलं.

दिवाळीच्या सकाळी रांगोळी स्वच्छ होती. काका वाकून गाडीखाली बघून आत गेले. भंगारवाल्याचं नाव त्या घरात परत निघालं नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी कुकटपल्लीला गेले. जाणं-येणं होतं, तरी काकूंच्या शेवटच्या आजारपणात मी पोचेपर्यंत त्या गेलेल्या होत्या. अजून मला त्यांच्याशिवाय ते दार बघवत नाही.

परवा गेले होते. दारात रांगोळी नव्हती. गाडी होती, आणि तिच्याखाली पुन्हा काळा डाग. काका स्टुलावर बसून फोर्कखाली पातेलं लावत होते. या माणसानं त्या गाडीला कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"काका, मेकॅनिकला बोलवू?"

"नक्को," ते म्हणाले. डागावरून बोट फिरवून त्यांनी नाकाशी नेलं. डोळे भरून आले होते, ते पुसायचंही सुचलं नाही त्यांना.

"आत जाऊन एक चमचा आण, बाळ. आधी विरजणाला काढून ठेवू. आता हे दोघा मायलेकांच्या हातचं आहे."