आभारवाले पोतनीस

नागपुरात कार्यक्रम कुठलाही असो, शेवटी माइकपाशी सुमंत पोतनीस उभे राहणार हे लोकांनी धरूनच ठेवलेलं असतं. गणेशोत्सवातली व्याख्यानं असोत, कुणाची पंच्याहत्तरी असो, नेत्रतपासणी शिबिर असो की ज्येष्ठ नागरिकांची सहल असो, प्रास्ताविक कुणीही करो, आभार पोतनीस. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी विजेच्या ऑफिसात काढली, पण तिथे ते नेमकं काय करत होते हे त्यांच्या पत्नीलाही, म्हणजे ताराबाईंनाही, धड सांगता येत नाही. महाल भागात आणखी एक पोतनीस आहेत, डॉक्टर आहेत. त्यांना बिचाऱ्यांना आपली ओळख करून देताना 'ते आभारवाले नव्हे' असं सांगावं लागतं.

आभार ही उरकून टाकायची बाब आहे असं सुमंतरावांना कधीच वाटलं नाही. कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी ते हॉलवर पोचतात. खुर्च्या कुणी आणल्या, माइक कुणाचा, पाण्याचे कॅन कुणी पाठवले, हार कुठून आले, सगळी चौकशी करतात आणि ती नावं मनात घोळवत कोपऱ्यात बसतात. कागद हातात घ्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. मग बोलायला उभे राहिले की अध्यक्षांपासून जे सुरू होतात ते थेट सतरंज्या उचलणाऱ्या माणसापर्यंत येऊन थांबतात. तोवर अर्धा हॉल उठून चपला शोधत असतो. सुमंतरावांना त्याचं काही वाटत नाही. ज्याचं नाव येणार असतं तो कान देऊन बसलेला असतो, आणि आपण त्याच्यासाठी बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही असा. घरच्या माणसाचे आभार मानायचे नाहीत. आभार परक्याचे मानतात, आपल्याचे मानले की तो परका झाला. यात त्यांनी नवीन काही शोधून काढलेलं नाही, आपल्याकडे घरोघरी असंच मानतात. पण घरोघरी माइक नसतो.

या नियमापायी त्यांचा धाकटा भाऊ गेला. गेला म्हणजे तुटला. मुकुंद हा त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झालेला, जरीपटक्याच्या बाजूला राहणारा. वडील शाळामास्तर होते. त्यांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम दोघा भावांनी केला, पण धावपळ सगळी मुकुंदची. वर्ध्याचे, अमरावतीचे, कुठकुठले जुने विद्यार्थी त्याने शोधून आणले, जुने फोटो मोठे करून भिंतीवर लावले, महिनाभर घरी जेवायला वेळेवर गेला नाही. कार्यक्रम झाला. सुमंतराव आभाराला उभे राहिले. त्यांनी मांडववाल्याचे मानले, आचाऱ्याचे मानले, चपला सांभाळणाऱ्याचेसुद्धा मानले. पहिल्या रांगेत बसलेल्या मुकुंदचं नाव काही आलं नाही. मुकुंद जेवायला न थांबता निघून गेला.

"तो घरचा आहे," सुमंतराव रात्री ताराबाईंना म्हणाले, "त्याचे आभार मी कसे मानू?"

"आभार नका मानू. नाव तर घेता आलं असतं," ताराबाई म्हणाल्या.

मुकुंदचं म्हणणं तिसऱ्याच माणसाकडून घरी आलं. "सतरंज्या उचलणाऱ्याचं नाव घेते तो. मी काय सतरंजीहून गेलो काय?" हे ऐकून सुमंतराव चिडले, आणि मग त्यांनी दिवस जाऊ दिले. हा उपाय आपल्या सगळ्यांनाच येतो. दिवस जाता जाता अकरा वर्षं गेली. लग्नकार्यात दोघे दिसत, पण हॉलच्या दोन टोकांना.

जवळ येत ते वर्षातून एकदाच, तेही अंधारात. सीताबर्डीला दातांचा दवाखाना असलेले डॉक्टर जितेंद्र भोयर दर हिवाळ्यात परदेशी सिनेमांचा महोत्सव भरवतात. चार दिवस, एका कॉलेजच्या सभागृहात. जितेंद्र काटोलकडच्या शेतकरी घरातले, दात काढून जे मिळतं त्यातलं बरंचसं या महोत्सवात घालतात. मुकुंद या महोत्सवाचा खरा भक्त. सकाळच्या पहिल्या सिनेमाला पिशवीत डबा घालून येतो, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीजवळ बसतो, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवतो आणि शेवटपर्यंत हलत नाही. पोलंड म्हणू नका, इराण म्हणू नका, सेनेगल म्हणू नका, त्याने सगळं पाहिलेलं आहे. पण शेवटचा सिनेमा संपून स्टेजवर टेबल आलं की पिशवी उचलतो आणि चालू लागतो. सुमंतराव माइकपाशी येतात तेव्हा त्यांना भावाची पाठ दिसते. महोत्सवाच्या जुन्या लोकांना हे माहीत आहे. नवीन कुणी विचारलं तर जुने लोक हळूच सांगतात.

सुमंतरावांना स्वतःला या सिनेमांचं फारसं प्रेम नाही. यांत माणसं बोलतात कमी आणि चालतात फार, आणि खाली इंग्रजी वाचता वाचता वर काय झालं ते निसटतं, अशी त्यांची तक्रार. त्यांना आवडते ती शेवटची नावं. सिनेमा संपून लोक उठले, दिवे लागले, तरी पडद्यावर वर सरकणारी ती बारीक नावं ते अगदी उभं राहून वाचतात. कुणाच्या गावात शूटिंग केलं त्या गावाचे आभार, ज्याने कुत्रा दिला त्याचे आभार. हे काम त्यांना पटतं. त्यात मध्येच कुणी स्वतःच्या आईचे, भावाचे मानलेले असतात. ते वाचून ते मान हलवतात. तिकडच्या लोकांना रीतभात कळत नाही.

पण खरं सांगायचं तर गेली काही वर्षं त्यांच्या मनात एक वाक्य तयार होतं. एखाद्या वर्षी मुकुंद बसून राहिला, तर नियम गुंडाळून ठेवायचा आणि नाव घ्यायचं. 'आणि माझा भाऊ मुकुंद, ज्याचं नाव घ्यायचं मागे राहून गेलं.' एवढंच. आंघोळ करताना ते हे वाक्य म्हणून पाहत. ताराबाईंनी बाहेरून ऐकलेलं होतं. घरी जाऊन हेच म्हणता येईल, फोन करून म्हणता येईल, हे सुमंतरावांना सुचलं नाही असं नाही. पण चारचौघांत जे राहिलं ते चारचौघांतच भरून निघायला हवं, असं त्यांना वाटे. आणि फोनवर आपण काय बोलू याची त्यांना भीतीही वाटे.

यंदाचा शेवटचा सिनेमा कुठल्याशा डोंगराळ देशाचा होता. त्या देशाचं नाव अवघड, ते सुमंतरावांनी दुपारीच घोटून घेतलं होतं. सिनेमात एक म्हातारी बाई गाढवावर शिलाई मशीन बांधून डोंगर उतरत होती. ती कुठे चालली आहे, का चालली आहे, हे सुमंतरावांना कळलं नव्हतं, कारण सुरुवातीचा भाग त्यांनी नावं घोळवण्यात घालवला होता. यादी यंदा लांब होती. ताराबाई मात्र पदर आवळून एकटक बघत होत्या.

प्रमुख पाहुणे सिनेमाच्या आधी यायचे होते, ते आले नाहीत. पाहुणे म्हणजे राजकारणातलं मोठं प्रस्थ, वाट पाहून पाहून जितेंद्रांनी सिनेमा सुरू केला. आता तो अर्ध्याहून पुढे गेला आणि जितेंद्र वाकत वाकत अंधारातून सुमंतरावांकडे आले.

"काका, साहेब आले. पंधरा मिनटात दुसऱ्या कार्यक्रमाले जाऊन राहिले. सिनेमा थांबवा लागते. सत्कार, त्याइचे दोन शब्द, मंग तुमचे आभार."

"आणि सिनेमा?"

"वेळ उरला तं लावू. नऊले हॉल खाली करून द्या लागते, कॉलेजवाले आयकत नाही. तुम्ही आभार थोडक्यात घेतले तं होईल. नाहीतं राहिला सिनेमा, काय करता."

म्हातारी गाढव घेऊन नदीत उतरली होती, पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं, तेवढ्यात पडदा पांढरा झाला आणि दिवे लागले. हॉलभर एक नाराजीचा सूर उठला आणि विरला. सिनेमा थांबवून पाहुण्यांना शाल घालणं यात कुणाला फार मोठं नवल वाटलं नाही. टेबल आलं, शाल आली, नारळ आला. साहेबांनी दोन शब्दांत आपलं बालपण सांगितलं, तंबूतले सिनेमे सांगितले, नागपूरचं भविष्य सांगितलं. आणि मग जितेंद्रांनी सुमंतरावांचं नाव पुकारलं.

सुमंतराव माइकपाशी आले आणि सवयीने त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. मुकुंद बसलेला होता.

तो जाणार कुठे? सिनेमा राहिला होता. उठून गेला असता तर म्हातारी नदीतच राहिली असती. समोर भाऊ, हातात माइक, आणि वाक्य तर कित्येक वर्षांचं पाठ. जितेंद्रांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. पण मुकुंदच्या नावापर्यंत यायचं तर साहेबांपासूनच सुरुवात करावी लागणार होती. मधल्या कुणाला गाळून एकदम घरच्या माणसावर येणं त्यांच्या हातून झालं नसतं. म्हणजे सगळी यादी घ्यावी लागणार. आणि यादी झाली की नऊ वाजणार.

त्यांनी पुन्हा मुकुंदकडे पाहिलं. मुकुंद त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यांच्या डोक्यावरून मागच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होता. नळाला पाणी यायची वाट पाहत बसावं तसा. तो आपल्यासाठी थांबला नाही, त्या म्हातारीसाठी थांबला, हे सुमंतरावांना कळलं आणि वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्यातच त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला.

"सिनेमा अर्धा राहिला आहे," ते म्हणाले. "दिवे घालवा."

लोकांना वाटलं ही प्रस्तावना आहे. मग माइक स्टँडवर बसल्याचा आवाज आला आणि सुमंतराव स्टेजच्या पायऱ्या उतरू लागले, तेव्हा मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि ती पसरली. जितेंद्र धावत आले. "काका, साहेबाचं नाव तरी घ्या न गा, काहून असं करता?" पण सुमंतराव खाली पोचले होते. साहेबांना टाळ्या आपल्यासाठी आहेत असं वाटलं, त्यांनी हात जोडले आणि ते निघाले. त्यांना गाडीपर्यंत पोचवायला जितेंद्र मागे पळाले. दरवर्षी ते काम सुमंतरावांचं असे. टेबल घाईघाईने ओढलं गेलं आणि अंधार झाला.

ताराबाई पलीकडच्या बाजूला होत्या. तिथवर जायचं तर पडद्यासमोरून जावं लागलं असतं. सुमंतराव खुर्च्यांच्या पाठी चाचपत उभे राहिले. कडेच्या एका खुर्चीवर त्यांच्या हाताला पिशवी लागली. त्यांनी हात मागे घेतला. कुणीतरी ती पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

सुमंतराव बसले. आवळ्याच्या तेलाचा वास आला. वडिलांपासून घरात तेच तेल होतं, त्यामुळे शेजारी कोण हे पाहायची गरज नव्हती. पडद्यावर म्हातारी नदी ओलांडून काठावर आली होती आणि गाढव अडून बसलं होतं. सुमंतराव जरासे झुकले.

"मुकुंद, त्या दिवशी मी..."

"चूप बस," मुकुंद म्हणाला. "पाहू दे."

सुमंतराव पडद्याकडे पाहू लागले. म्हातारीने गाढवाच्या पाठीवरची दोरी सोडली, मशीन उतरवलं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. चढ होता. ती थांबत थांबत चढायला लागली. खाली इंग्रजीत काही येत नव्हतं, कारण ती कुणाशी बोलत नव्हती. बराच वेळ गेला.

"सुरुवात पाहिलीच नसशील तू, दादा," मुकुंद हळू आवाजात म्हणाला. त्याने पडद्यावरची नजर हलवली नाही. "नावं पाठ करत बसला असशील. बहिणीकडे चालली ती. मशीन बहिणीचं आहे."