नवरदेवाच्या राहिलेल्या प्रतिज्ञा

दौलतराव एसटीत वाहक होते. नोकरी संपली, गणवेश उतरला, पण आवाज काही उतरला नाही. शेलूबाजारच्या आमच्या गल्लीत ते बायकोला पाणी मागायचे तेव्हा पलीकडच्या गल्लीतले लोक आपापला तांब्या चाचपायचे. मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. त्यामुळे बेबीताईंचा संसार मी पाहिला कमी आणि ऐकला जास्त.

माणूस वाईट नव्हता, असं सगळे म्हणतात. दारू नाही, मारझोड नाही, पगार घरात. सगळं खरं. पण पाहुण्यांपुढे, सुनेपुढे, दळणाच्या रांगेत, जिथे चार माणसं दिसतील तिथे ते बेबीताईंची अक्कल काढायचे. भाजीत मीठ कमी पडलं तर अक्कल, जास्त पडलं तरी अक्कल. लोक हसायचे. बेबीताईही थोडं हसायच्या, आणि मला त्या हसण्याचाच जास्त राग यायचा.

पुन्हा लग्नाचं खूळ सुनेनं आणलं. मुलगा प्रसेनजित आणि सून सपना पुण्याहून आले होते. सपनानं मोबाइलवर दाखवलं, कोण्या परदेशातलं म्हातारं जोडपं समुद्राकाठी पुन्हा लग्न लावत होतं. दौलतरावांना ते भलतंच आवडलं. पोरगा म्हणाला, वाशीमला हॉल घेऊ. तर दौलतराव म्हणे, हॉल कशाला, जेवणावळी कशाला? इंझोरीचे लखीराम दरवर्षी बौद्ध स्थळांची बस नेतात, सारनाथ, बोधगया, कुशीनगर करत लुंबिनीला जातात. लुंबिनी नेपाळात, म्हणजे परदेशच झाला. लखीराम स्वतः बौद्धाचार्य, विधी लावणारे तेच. बसचा आचारी खीर करील, बसमधलेच लोक वऱ्हाडी, आणि पांढरी साडी बेबीताईंच्या पेटीत आहेच. आम के आम, गुठलियों के दाम. दोन दिवसांत गावभर झालं की दौलतराव परदेशात लग्न करून राह्यले.

मला वाटलं बेबीताई नाही म्हणतील. त्या लगेच हो म्हणाल्या. मी विचारलं, आता या वयात कशाला हा तमाशा? तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला ती गोष्ट सांगितली.

त्यांचं लग्न मेडशीला, माहेरी झालं. वरातीचा ट्रक रस्त्यात बंद पडला म्हणून सगळ्यालाच उशीर. आपल्या बौद्ध लग्नात नवरा-नवरी दोघंही पाच-पाच प्रतिज्ञा घेतात, आचार्य सांगतात आणि ते मागून म्हणतात. नवरदेव अजून फेटा बांधून घेत होता, म्हणून आचार्यांनी वेळ वाचवायला आधी नवरीच्या घेतल्या. नवरदेव मंचावर आला तेवढ्यात त्याचे काका जानराव ओरडले, आटपा, पंगत खोळंबली. आचार्यांनी एकदम मंगलगाथा सुरू केल्या. फुलं पडली, टाळ्या झाल्या. नवरदेवाच्या पाचही राहिल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही, नवरीच्या आलं. तिनं आईला सांगितलं तर आई म्हणाली, लग्न लागलं ना, मग झालं.

"मले दागिना नको, हॉल नको," बेबीताई म्हणाल्या. "त्यायच्या तोंडून ते एक वाक्य ऐकाचं हाये मले. मी बायकोचा अपमान करणार नाई. बस."

एवढी वर्षं मी त्यांना भोळी समजत होते. त्यांनी लखीरामांना स्वतः फोन करून बजावलं की पाचही प्रतिज्ञा घ्यायच्या, एकही गाळायची नाही. दौलतरावांना मात्र काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं.

बसमध्ये मी आणि माझे मालक त्यांच्या मागच्याच सीटवर होतो. सारनाथ झालं, बोधगया झालं. दौलतराव नव्या नवरदेवासारखे खुशीत होते, प्रत्येक थांब्यावर लोकांना आमंत्रण देत होते. बेबीताई मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. रोज संध्याकाळी त्या पांढरी साडी काढायच्या, झटकायच्या आणि पुन्हा घडी घालायच्या.

नेपाळच्या सीमेवर, सोनौलीच्या नाक्यावर ओळखपत्रं दाखवायची होती. दोघांची ओळखपत्रं बेबीताईंच्या पिशवीत आणि पिशवी डिकीत सगळ्या सामानाच्या तळाशी. झालं. दौलतरावांनी भर रस्त्यात सुरू केलं, की हिला घेऊन मंगरूळपीरला जायची सोय नाही आणि मी परदेशात घेऊन आलो. सगळी बस ऐकत होती. काही जण सवयीनं हसले. बेबीताईंनी सामान उपसलं, ओळखपत्रं काढून दिली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई इथूनच परत फिरणार. मी तर म्हणते फिरली असती तर बरं झालं असतं.

लुंबिनीत मायादेवी मंदिराचं दर्शन झालं, सगळ्यांनी पंचशील घेतलं आणि तळ्याच्या पलीकडे हिरवळीवर सतरंजी अंथरली. झेंडूचे दोन हार, स्टीलच्या डब्यात खीर. पुण्यातल्या सपनाला दिसावं म्हणून कोणीतरी मोबाइल धरला. एवढ्यात ड्रायव्हर आला. बसचा नेपाळातला परवाना एकाच दिवसाचा, संध्याकाळच्या आत नाका ओलांडला पाहिजे. लखीराम गडबडले. म्हणाले, दोघं मिळून एकदाच म्हणा, आम्ही सर्व प्रतिज्ञा पाळू, म्हणजे झालं.

"नाई," बेबीताई म्हणाल्या. "यायच्या घ्या. पाची."

लखीरामांना फोन आठवला असावा. त्यांनी सुरुवात केली. मी माझ्या पत्नीचा सन्मान करीन. दौलतराव मोठ्यानं म्हणाले, अगदी पुढचा थांबा सांगावा तसे. मी माझ्या पत्नीचा अपमान करणार नाही. दौलतरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खोकले. बायकोकडे पाहिलं नाही. हातानं खूण केली, पुढं घ्या. लखीरामांनी पुढचं घेतलं. उरलेल्या तिन्ही दौलतरावांनी खणखणीत म्हटल्या. बायकांनी फुलांच्या मुठी उचलल्या.

बेबीताईंनी हात वर केला. "एक रायली."

"म्या मनातल्या मनात म्हटली," दौलतराव म्हणाले.

"अपमान मनातल्या मनात केला होता काय? तो चारचौघात केला. हे बी चारचौघात म्हणा."

कोणी हललं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी कोणी हललं नाही. मला दौलतरावांची कीव आली आणि माझाच राग आला. आयुष्यभर ज्या माणसाला आवाज कमी करता आला नाही, त्याला आता आवाज सापडेना. शेवटी ते म्हणाले. अर्ध्यात अडकले, पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. "मी माह्या बायकोचा अपमान करणार नाई." डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

लखीराम बेबीताईंकडे वळले. आता तुमच्या. त्या म्हणाल्या, माझ्या मेडशीला झाल्या आहेत, त्याच चालू आहेत. मग फुलं पडली. खीर बसमध्येच वाटली. नवरा-नवरी शेजारी बसले, आणि दौलतरावांनी खिडकीची जागा बायकोला दिली. मला वाटलं, जिंकली बाई.

नाक्याजवळ बस थांबली. बायका बांगड्या पाहायला उतरल्या, बेबीताईही उतरल्या. त्यांना यायला जरा उशीर झाला. बसच्या दारातून तोच जुना आवाज आला, "अक्कल गहाण टाकली काय वं तिकडं? साऱ्या गाडीले ताटकळत ठेवलं."

या वेळी कोणी हसलं नाही. दौलतरावांनाच आपलं बोलणं ऐकू आलं असावं, ते दारातला दांडा धरून तसेच उभे राहिले, चेहरा उतरलेला. बेबीताई पायऱ्या चढल्या, त्यांच्या बाजूनं आत आल्या आणि जागेवर बसल्या. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरून आले होते माझे. म्हटलं, ताई, एक सांजही टिकली नाही हो.

"मोडली," त्या म्हणाल्या. "पण आता मोडाले काईतरी हाये, बाई. आजवर ते बी नव्हतं."