मेहुण्याचा अठरा टनी कॉम्प्युटर

साऱ्या भंडारा जिल्ह्यात माझ्या धाकट्या मेहुण्याएवढा दूरचा विचार करणारा माणूस मिळणार नाही. तो विचार इतका दूरचा असतो की तीन हजार वर्षांच्या अलीकडचं त्याला काही सुचत नाही. येत्या बुधवारचं विचारलं तर तो गोंधळतो. अशा माणसाचं चाळिशीच्या आत लग्न जमवायचं हा माझ्या बायकोचा ध्यास, आणि सिहोऱ्याच्या एका स्थळाशी फोनवर बोलायची कामगिरी तिने विश्वासाने माझ्यावर सोपवली. मी पहिल्याच वाक्यात शेण खाल्लं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा काय करते जी?" उत्तर सोपं होतं. पोरगा वरठीच्या कारखान्यात धरमकाट्यावर ट्रकांची वजनं करतो, नोकरी पक्की आहे. पण नुसत्या धरमकाट्याने समोरचा माणूस दबेल असं वाटेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नोकरी तर आहेच, पण घरी एक मोठा कॉम्प्युटर बनवून राहिला."

अगदीच खोटं नव्हतं ते. कॉम्प्युटर होता आणि मोठाही होता. फक्त तो मेहुण्याच्या डोक्यात होता.

त्याचं असं झालं, की नागपूरच्या फुटपाथवरून त्याने एक जुनं इंग्रजी पुस्तक उचलून आणलं. अवकाशातल्या जहाजांच्या खेळाचं. या खेळात पट नाही, पत्ते नाहीत. एकाने जग रचून सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं, "मी आता दार उघडतो" वगैरे म्हणायचं, आणि दार उघडलं की नाही ते फासे टाकून ठरवायचं. दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर हे जहाज सुटायचं. जग सांगणारा अर्थातच मेहुणा. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कप्तान आणि तोफवालेही. उरलेलं पद माझं. मी जहाजाच्या शेपटाकडचा स्वयंपाकी.

जहाजाचं इंजिन, तोफा, परके ग्रह यांत मेहुण्याला फारसा रस नव्हता. त्याचा जीव कॉम्प्युटरमध्ये. आणि तीन हजार वर्षांनंतरचा तो कॉम्प्युटर अठरा टनांचा होता. पोस्टमास्तरांनी एकदा खिशातला मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अरे बापा, एवढ्याशा डबीत सारी दुनिया मावते आता. तुझा कॉम्प्युटर काहून राइस मिलएवढा?" मेहुण्याने तो मोबाईल दोन बोटांत धरून तोलला आणि कीव आल्यासारखा परत केला. "काका, ज्याले वजन नाही ते मशीन कायचं? हे पडलं तर आवाज तरी येईन काय?" दिवसभर काट्यावर उभा राहणारा माणूस, भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक याखेरीज जगात तिसरी अवस्था असते हे त्याला मान्यच नव्हतं.

शिवाय हा कॉम्प्युटर धड उत्तर देईल तर शपथ. मेहुण्याच्या विश्वातलं साम्राज्य फुटून दोन झालेलं होतं. आपला जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्याने वडिलांबरोबर एका कागदासाठी बऱ्याच चकरा मारल्या होत्या, तो अनुभव त्याने सगळ्या आकाशगंगेला लागू केला. पोस्टमास्तरांनी विचारावं, समोरच्या ग्रहावर माणसं आहेत की राक्षस? मेहुण्याने डोळे मिटून यंत्राच्या आवाजात सांगावं, "तो रेकॉर्ड तिकडच्या साम्राज्यात गेला. तिकडे अर्ज करा." तोवर राक्षस जहाजात शिरलेले असत.

पण खरा जाच वेगळाच होता. मेहुण्याच्या घरची शेती दिघोरीकडे, तलावाच्या पाटावर. तिथे पाणी पाळीने मिळतं. आधी तोंडाजवळच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भरायची, मग मधल्या, मग टोकाच्या. त्यांची बांधी टोकाला. मेहुण्याने कॉम्प्युटरची अक्कल हुबेहूब तशीच सोडली. आधी इंजिनाचं काम होणार, मग तोफेचं, मग दिव्यांचं, आणि सरतेशेवटी शेपटाकडची हवा. म्हणजे माझी. लढाई लागली की कॉम्प्युटर तोफेचा हिशेब करण्यात गुंतायचा आणि मी भाजी फोडणीला टाकता टाकता गुदमरून मरायचो. मी कितीदा मेलो याची मोजदाद नाही. दरवेळी काकुळतीला येऊन म्हणायचो, "अरे, निदान आज तरी आधी हवा सोड." तो फासे गोळा करत म्हणायचा, "भाऊजी, टोकाच्या बांधीले पाणी उशिराच भेटते. मी थोडी केला नियम!" त्याने नाही तर कोणी केला होता, हे विचारायला मी शिल्लक नसायचो.

तर सिहोऱ्याची मंडळी रविवारी आमच्याकडे आली. मुलगी, तिचे वडील आणि एक मामा. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले. मुलगी गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करणारी; दाखले, उतारे, घरकुलाच्या याद्या, सारं तिच्या हातून जायचं. पाच मिनिटांतच वडील म्हणाले, "मंग, तो कॉम्प्युटर दाखवा ना जी." बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही.

मेहुणा मात्र खुलला. आजवर कोणी आपणहून विचारलं नव्हतं. त्याने लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेला जहाजाचा नकाशा टेबलावर पसरला, शेजारी फासे मांडले आणि बघण्याच्या कार्यक्रमात स्वतःहून, न अडखळता, अर्धा तास बोलला. मामांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. वडील हळूच मला म्हणाले, "पर मशीन कुठी आहे?" मी म्हटलं, "चहा घ्या."

मुलगी मात्र ऐकत होती, मन लावून. मध्येच म्हणाली, "सर्व्हर डाऊन नाही होत काय तुमच्या जहाजात?"

"डाऊन नाही होत. हळू होते."

"मंग तुमी कॉम्प्युटरवर कधी बसलेच नाही," ती हसून म्हणाली. मेहुणाही हसला. मी त्याला अनोळखी माणसासमोर हसताना पहिल्यांदाच पाहिलं. बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला, या वेळी आनंदाने. मग मुलीने नकाशाच्या शेपटावर बोट ठेवलं. "इथं कोण राह्यते?"

"भाऊजी. स्वयंपाकी आहेत. हवा शेवटी जाते तिथं."

"शेवटी काहून? माणूस मरून राहिला ना तिकडे. पहिले हवा सोडा, मंग तोफ चालवा."

ती आता जहाजाबद्दल विचारत नव्हती, हे मामांनासुद्धा कळलं. रविवारच्या सवयीने येऊन बसलेले पोस्टमास्तर खुर्चीच्या कडेवर सरकले. बायको दारातून मान हलवून हलवून "हो म्हण, हो म्हण" सुचवत होती. मीही, इतक्यांदा मेलेला माणूस, आशेने पाहत होतो. मेहुण्याने नकाशाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काट्यावरच्या ट्रक ड्रायव्हरला सांगावं तसं सांगितलं, "नाही जमत. नियम आहे."

"बरं," ती म्हणाली आणि तिने बोट उचललं.

दोन दिवसांनी नकार आला. नकाराचं कारण काही त्यांनी सांगितलं नाही; वडील एवढंच म्हणाले, "पोरगा सरळ आहे जी, पर पोरगी नाही म्हणून राहिली." बायको भावाला फोनवर खूप बोलली. तो म्हणाला, "ताई, नियम मोडला असता तर मंग खेळ कायचा?" त्यानंतरचे काही रविवार जहाज सुटलंच नाही. मेहुणा येऊन नुसता बसायचा, जेवायचा, जायचा.

पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी त्याने पुन्हा नकाशा पसरला. लढाई लागली. मी सवयीने पातेलं खाली ठेवून मरायच्या तयारीला लागलो. मेहुणा खाली मान घालून म्हणाला, "कॉम्प्युटरनं पहिले शेपटाकडे हवा सोडली." पोस्टमास्तरांनी चष्मा काढला. "अन् माझी तोफ?"

"थांबन थोडी."

तोफ थांबली, शत्रूने नेम साधला, आणि आम्ही सगळेच मेलो. पण मी छातीभर श्वास घेऊन मेलो. तो गेल्यावर मी उत्साहाने सिहोऱ्याला फोन लावला. वडिलांनी आनंदाने सांगितलं की मुलीचं तुमसरला जमलं, पुढच्याच आठवड्यात लग्न आहे, तुम्ही घरचेच, सारे या.

स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा, पण बराच वेळ एकच खडा शोधत राहिली.

"माझा भाऊ वाईट नाही जी," ती म्हणाली. "त्याले चांगलं सुचते. फक्त उशिरा सुचते."