पॅरिसला निघालेली

दुष्काळाच्या साली नेकनूरहून बीडला जाणाऱ्या एसटीत ती शेजारी बसली. बाटलीतले दोनच घोट पिऊन तिने झाकण घट्ट लावले.

"दूध संघ आमाला पॅरिसला नेतोय, गोठे बघायला. एक दिवस शहर फिरायला हाय. काय बघू वो ताई?"

माझ्या वहीत पॅरिसची यादी दहा वर्षे तयार होती, जाणे मात्र जमले नव्हते. जीव जळला. तरी मनोरा, चर्च, संग्रहालय, सगळे वेळेसकट सांगितले. ती बोटांवर मोजत राहिली.

"तिथल्या नदीला उन्हाळ्यातबी पाणी असतं म्हणं?"

"असतं," एवढेच मी म्हणाले. त्या पाण्यातून नावेने फिरता येते, हे सांगितले नाही. तेवढे मी माझ्यासाठी ठेवले.