आहेराची साडी आणि श्रूजबरीचा ताड

अमेरिकेत राहायचं कुठं, हे आमच्या घरी एका झाडानं ठरवलं.

शिकलेसवरलेले लोक नोकरी बघतात, शाळा बघतात, घराचे भाव बघतात. बघोत बापडे. आम्ही ताड बघितला!

दोन हजार चारची गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत आम्ही तिघं राहत होतो; मी, माझी बायको मृणाल आणि पहिलीत जाणारी आमची ईरा. मृणाल श्रीवर्धनची. तिच्या माहेरी खिडकी उघडली की माड, दार उघडलं की माड, आणि डोळे मिटले तरी मागच्या अंगणात नारळ पडल्याचा धप्प आवाज! अशा मुलीला मी चार-पाच महिने पांढऱ्याशिवाय दुसरा रंगच न दिसणाऱ्या गावात आणून ठेवलं होतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली,

"अभय, मला इथं नाही राहायचं."

"मग कुठं?"

"चँडलरला. तुझा मनीषदादा केव्हाचा बोलावतोय, त्याच्या कंपनीत जागा आहे म्हणून. ॲरिझोनात बर्फ नाही. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाम आहेत. फोटो पाहिलेत मी."

माझ्या हातातला टोस्ट चहात पडला. मी नागपूरचा. मे महिन्यात चपलेला डांबर चिकटतं, कूलरसमोर बसायच्या जागेवरून सख्खे भाऊ भांडतात, अशा गावात मी वाढलो. त्या उन्हापासून लांब पळायचं म्हणून तर मी परीक्षा दिल्या, व्हिसाच्या रांगेत उभा राहिलो आणि पृथ्वीला अर्धी प्रदक्षिणा घालून बर्फात येऊन पोचलो! (लोकांना वाटतं, करिअरसाठी आलो.) आणि आता बायको मला उचलून पुन्हा भट्टीत घालायला निघाली होती.

"पामच हवाय ना तुला?" मी म्हणालो. "मग इथंच लावतो!"

"बर्फात?"

"बर्फात!"

"आणि मेला तर?"

"मेला तर चँडलर. जगला तर श्रूजबरी. बोल!"

"डन," ती म्हणाली आणि शांतपणे चहा प्यायली. ती इतकी शांत होती की मला तिथंच शंका यायला हवी होती.

इंटरनेटवर थंडीत पाम वाढवणाऱ्या वेड्यांचा एक मोठा कट्टा आहे. मी रोज तिथं पडीक राहू लागलो. तिथं समजलं की विंडमिल पाम नावाची एक चिवट जात आहे. नीट गुंडाळून ठेवलं, तर ती बऱ्यापैकी थंडी सोसते. मे महिन्यात दक्षिणेकडच्या एका नर्सरीतून माझ्या छातीएवढं झाड ट्रकनं आलं. खोकं उघडलं. पंख्यासारखी पसरट हिरवी पानं बाहेर आली. मी टाळ्यांची वाट बघत उभा राहिलो.

मृणालनं झाडाभोवती एक फेरी मारली. "हा माड नाही."

"म्हणजे?"

"माडाच्या झावळ्या लांब असतात, पिसांसारख्या. असली पंख्यासारखी पानं ताडाची. अभय, तू दारात ताड आणलास? आमच्याकडे ताडाखाली कोण बसतं माहितीये?"

"अगं, एकच कुटुंब आहे दोघांचं!"

"कुटुंब तर तुझं आणि तुझ्या बंडूकाकांचंही एकच आहे."

मी खोक्याचे तुकडे गोळा करू लागलो. (बंडूकाकांना एकदा पाहिलं असतंत, तर तुम्हीही तेच केलं असतंत.) ईराला मात्र झाड फार आवडलं. तिनं त्याचं नाव 'ताडू' ठेवलं आणि रोज शाळेतून आली की त्याला शेकहँड करू लागली.

उन्हाळाभर ताडू झकास वाढला. ऑक्टोबर सरला आणि माझी झोप उडाली. कट्ट्यावरचे लोक सांगत होते: झाडाभोवती जाळीचा पिंजरा करा, त्यात सुकी पानं भरा, जुन्या पद्धतीचे गरम होणारे ख्रिसमसचे दिवे आत सोडा, वरून हवा खेळेल असं कापड गुंडाळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधल्या कोंबात पाणी जाऊ देऊ नका. कोंबात पाणी साचून गोठलं की झाड संपलं!

पिंजरा केला. मेपलची पानं भरली. दिव्यांची वायर जेवणाच्या खोलीतल्या खिडकीतून बाहेर काढली. (त्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यानं आम्ही हिवाळाभर टोप्या घालून जेवलो, पण ताडू उबेत होता.) पाणी आत जाऊ नये म्हणून डोक्यावर एक बादली पालथी घातली. राहिलं कापड. दुकानातलं गोणपाट संपलं होतं आणि संध्याकाळपासून बर्फ पडणार होता. मी कपाट उघडलं. खालच्या खणात एका पिशवीत साडी होती. पोपटी अंगावर जांभळे मोर, आणि प्रत्येक मोराच्या चोचीत सोनेरी द्राक्षांचा घड! मी ती झाडाला गरागरा गुंडाळली.

मृणाल लायब्ररीतून आली ती दारातच थबकली. "कुठली साडी आहे ही?"

"खालच्या खणातली. पिशवीतली."

"ती होय! मग असू दे." तिचा जीव भांड्यात पडला. "आहेरात आलेली. पुढं कुणाला तरी द्यायची म्हणून ठेवली होती, पण ती देण्याइतकं माझं कुणाशीच वाकडं नव्हतं."

"कुणी दिली होती?"

"कुणाला आठवतंय!"

हे वाक्य आम्हाला पुढं महागात पडणार होतं.

आता दृश्य असं: आमच्या दारात बाईच्या उंचीचं काहीतरी उभं, अंगावर मोरांची साडी, डोक्यावर बादली, आणि पोटात लुकलुकणारे दिवे. पहिला बर्फ पडल्यावर शेजारचे म्हातारे फ्रँक फावडं घेऊन आले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "हे बघ, मला तुमच्या घरातल्या गोष्टीत पडायचं नाही. पण त्या बाई सकाळपासून बाहेर उभ्या आहेत."

"फ्रँक, ते झाड आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि "ऑफ कोर्स" म्हणून निघून गेले. तेव्हापासून ते मृणालची फार आस्थेनं चौकशी करायचे.

जानेवारी आला. ताडू आतून हिरवागार होता. मी रोज जाळीत बोट घालून तपासत होतो. मनातल्या मनात मी चँडलरला कायमचा रामराम ठोकला होता. आणि मृणालनं संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवलं.

"दामले काकूंना पण बोलावलंय," ती म्हणाली. "शेजारच्या वूस्टरमधल्या सगळ्या मराठी बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. एकदा त्यांच्याशी नीट ओळख झाली की मलाही कुणीतरी विचारेल इथं."

शनिवारी दुपारी गाड्या आल्या. भारी साड्या, त्यावर जाडजूड जॅकेटं, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. सगळ्यांत पुढं दामले काकू. त्या दोन पावलं चालल्या आणि ताडूसमोर थांबल्या. जवळ गेल्या. चष्मा वर केला. एका मोरावर बोट ठेवलं.

"मृणाल," त्या म्हणाल्या, "ही साडी..."

मी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला समजलं की तिला आत्ता, या क्षणी, सगळं आठवलंय. आमच्या घराची वास्तुशांत! दामले काकू! त्यांच्याशी झालेली ती एकुलती एक भेट आणि त्यांनी दिलेली ही पिशवी! तिच्या मागं दहा-बारा बायका श्वास रोखून उभ्या. श्रूजबरीतलं तिचं सगळं सामाजिक आयुष्य सुरू होण्याआधीच संपायला आलं होतं.

"काकू, तुमचीच!" मृणाल म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "आमच्या कोकणात संक्रांतीला दारातल्या माडाला साडी नेसवतात. सवाष्ण मानतात त्याला. मग म्हटलं, नेसवायची तर काकूंनी दिलेलीच नेसवू या."

मी आ वासला. दहा मिनिटांपूर्वीपर्यंत तो ताड होता!

"अगं बाई!" काकूंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अशी प्रथा आहे? आम्हाला काहीच माहीत नाही बघ! अगं, मग आधी हिची ओटी भरू या की!"

झालं! तबक बाहेर आलं. बादलीला हळदीकुंकू लागलं. जाळीच्या भोकातून तांदूळ आत गेले, तिळगूळ गेला. कुणीतरी वाण म्हणून आणलेला प्लॅस्टिकचा डबा पायाशी ठेवला. ईरा नाचत होती, "बाबा, ताडू इज अ गर्ल!" इथपर्यंत मी हसत होतो. मग काकू म्हणाल्या, "वडाला घालतो तसं पाणी घालू या. तांब्या आणा गं."

"काकू, पाणी नको!" मी पुढं झालो.

"का रे?"

काय कारण सांगू? कोंब सांगितला तर पिंजरा सांगावा लागणार, पिंजरा सांगितला तर साडी कशासाठी ते सांगावं लागणार. मी मृणालकडे पाहिलं. ती डोळ्यांनी सांगत होती, गप्प बस. तिला काकू हव्या होत्या आणि मला कोंब!

"नाही म्हणजे... थंड असेल," मी म्हणालो.

"अरे वेड्या, म्हणून तर कोमट आणलंय!" असं म्हणत काकूंनी बादली उचलली आणि भरलेला तांब्या थेट ताडूच्या डोक्यावर रिता केला. मागोमाग दुसरीनं. मागोमाग तिसरीनं, आणि तिनं तर दूध आणलं होतं! चौथा तांब्या ओतला गेला तसा आतून 'फट्ट' असा आवाज झाला, पिंजऱ्यातले दिवे गेले, जेवणाच्या खोलीतले दिवे गेले आणि टेबलावर विजेच्या तव्यात गरम होणाऱ्या गुळाच्या पोळ्या थंड पडल्या.

"प्रसन्न झाली!" कुणीतरी म्हणालं. बायकांनी हात जोडले. मीही जोडले, पण मला डोळ्यांसमोर चँडलर दिसत होतं.

सगळ्या आत गेल्यावर दामले काकू क्षणभर मागं रेंगाळल्या. मृणालचा हात धरून हळूच म्हणाल्या, "खोटं छान बोलतेस गं."

मृणालचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरू नकोस. ही साडी मला माझ्या वन्संनी दिली होती. त्यांना कुणी दिली देव जाणे. सगळ्यांनी पुढं ढकलली बिचारीला. आज पहिल्यांदा ती कुणाच्या तरी अंगाला लागली!" आणि त्या अशा काही हसल्या की मृणालला हसता हसता रडू फुटलं. वर्षभरात मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती.

एप्रिलमध्ये मी साडी सोडली. पानं तपकिरी झाली होती. मी मधला कोंब धरला, अगदी हलकेच ओढला, आणि तो सपशेल माझ्या हातात आला. वास म्हणाल तर आठवडाभर विसरलेल्या डब्याचा! मागं मृणाल उभी होती.

"गेला?"

"गेला," मी म्हणालो. मला खरंच वाईट वाटलं. झाडासाठी की नागपुरी उन्हाच्या आठवणीनं, ते मला आजही सांगता येणार नाही. "चल. ठरल्याप्रमाणे. मनीषदादाला फोन करतो."

"कशाला?"

"चँडलरला जायचंय ना?"

"वेडा आहेस का? पुढच्या शनिवारी काकूंकडे भिशी आहे. जूनमध्ये सगळ्याजणी लेकवर जाणार आहोत. आणि पुढच्या संक्रांतीला बारा जणी येऊ म्हणाल्यात. मी कशाला जातेय चँडलरला?"

मला इतकं बरं वाटलं की हातातल्या त्या घाणेरड्या कोंबासकट मी तिला मिठी मारली. (शर्ट दोघांचेही टाकून द्यावे लागले.)

पण बारा जणी येणार म्हणजे झाड हवं! मी कट्ट्यावरचे सगळे उपाय करून पाहिले, कोंबाच्या भोकात औषधं ओतली, आणि जूनच्या शेवटी तिथून अर्धं जळलेलं, कात्रीनं कापल्यासारखं एक पान वर आलं. ताडू जगला! मृणालनं लगेच काकूंना फोन लावला, काकूंनी साऱ्या वूस्टरला सांगितलं, आणि 'कोकणातली ती प्रथा' आपल्याही घरी हवी असं सहा घरांना एकदम वाटू लागलं. सहा पाम आले. ते हिवाळ्यात गुंडाळणार कोण? ज्याला अनुभव आहे तो!

पुढच्या नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. दामले काकूंच्या अंगणात बर्फाची भुरभुर सुरू होती. बोटांना संवेदना नव्हती, नाकाला तर नाकपणच उरलं नव्हतं, आणि मी एका आडदांड पामभोवती जांभळ्या जरीची साडी घेऊन गोल गोल फिरत होतो. मृणाल हीटर लावलेल्या गाडीत बसून होती. मी काचेवर टकटक केलं. तिनं काच बोटभर खाली केली.

"मृणाल," मी कुडकुडत म्हणालो, "आपण चँडलरला जाऊ या का गं?"

"आधी तो पदर नीट काढ," ती म्हणाली. "काकू खिडकीतून बघतायत."

मी मुकाट्यानं पदर नीट काढला.