रेंजरच्या घोड्याचं गवत

"ए बाई, ऊठ! खुर्ची तुझ्या बापाची आहे काय?"

बांधकामाचे साहेब माइक सोडून ओरडून राहिले होते. पंधरा ऑगस्ट, सेक्टर दोनचं मैदान. फूलबाई, आमच्या साइटवर विटा वाहणारी, स्टेजवर पाण्याचा माठ ठेवायला आली होती. पाय सुजलेले. टेकली जराशी रिकाम्या खुर्चीवर. शेजारच्या खुर्चीत मी. गळ्यात हार.

हार कशाचा? माझ्या जिभेचा. इंग्रजाच्या राज्यात सरकारी जंगलातलं गवत कापणं गुन्हा होता. लोक मुद्दाम विळे घेऊन जात, कापत, जेलात जात. त्यांचा पुढारी मी, असं मजुरांच्या कॅम्प-१ मधल्या चहावाल्याकडं मी रोज सांगे. एका सकाळी अख्ख्या डोंगराची हजामत केली. पोलिस आले तर तीन दिवस गवताच्या गंजीत, वाघिणीच्या कुशीला. वाघीण म्हणे, झोपा भाऊ, मी पाहते. लोक हसत. गोष्ट साहेबांपर्यंत गेली अन् मी खुर्चीवर गेलो.

खरं हे, की तेव्हा मी जंगल खात्याच्या रेंजरचा घोडा सांभाळत होतो. गवत कापलं फूलबाईनं. रेंजरनं तिला चाबकानं फोडलं, अन् तोच भारा तिच्या डोक्यावर देऊन तबेल्यापर्यंत चालवलं. "उतरव रे," मला म्हणाला. मी उतरवला. घोड्यापुढं टाकला. तिनं माझ्याकडं पाहिलं. घोडा खात होता.

वर्षांनी इथं साइटवर पहिल्याच दिवशी मी तिला ओळखलं. देवाला म्हटलं, हिची नजर अधू कर.

"उतरव रे तिला," स्टेजवर साहेब मला म्हणाले.

माझा हात उठला. खोटं नाही सांगत, उठलाच. तिच्या दंडापर्यंत गेला. तिनं तस्संच पाहिलं.

मी हात मागं घेतला. हार काढून टेबलावर ठेवला. "नाही उतरवत," म्हटलं, अन् माइकवर सगळं सांगितलं. घोडा, चाबूक, भारा. एकही वाघीण नाही. साहेबांनी माइक बंद करवला. उरलेलं मी ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी विटांच्या ढिगापाशी मी तिच्यासमोर उभा राहिलो. "फूलबाई, आता कोणीही सांगो, कोणाले उतरवणार नाही. काम गेलं तं जावो. तुमी मले ओळखलं होतं काय?"

तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली.

"पहिलीच दिन ले," ती तिच्या बोलीत म्हणाली. पहिल्याच दिवसापासून. "ईंटा उठा."